परवानगीचे अंतर

मुंबई आणि लंडन या दोन शहरांच्या विमानतळांमधले अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वीगोल समोर ठेवून या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो जिथून जाईल ती सर्वांत जवळची वाट. हा दोरा मुंबईहून वायव्येला निघतो, सौराष्ट्र ओलांडतो आणि जवळजवळ कराचीच्या डोक्यावरूनच जातो. पुढे बलुचिस्तान, इराण-अफगाणिस्तानच्या सीमेवरचा रखरखीत मुलूख, कॅस्पियन समुद्राचे नैर्ऋत्य टोक, कॉकेशसचे डोंगर, काळा समुद्र आणि ओडेसाचा परिसर असे करत तो पोलंड-स्लोव्हाकियाच्या सीमेवरून जर्मनीत आणि तिथून लंडनला पोहोचतो. भूगोलाच्या दृष्टीने हा हिशेब पक्का आहे आणि तो शंभर वर्षांपूर्वीही असाच होता. मात्र या दोऱ्याखाली येणाऱ्या देशांची नावे पुन्हा वाचली, तर ध्यानात येते की अलीकडच्या वर्षांत कोणत्याही भारतीय विमानाला ही वाट अखंड वापरता आलेली नाही. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली. इराणचे आकाश अधूनमधून मिटते. दोन विमानतळांमधला प्रवासाचा वेळ अंतर आणि विमानाचा वेग यांवरून ठरतो असे आपण शाळेपासून मानत आलो. भागाकार केला की उत्तर मिळाले. या मार्गाचा इतिहास पाहिला की मला हा भागाकार अपुरा वाटतो. हा वेळ प्रामुख्याने दोन गोष्टींनी ठरवला : खाली उतरायला जागा कोणी दिली आणि वरून जायची परवानगी कोणी नाकारली. यंत्राचा क्रमांक त्यांच्यानंतरचा.

याचा पहिला पुरावा थेट १९२९ सालचा. सुएझ कालवा १८६९मध्ये खुला झाल्यापासून मुंबई-लंडन प्रवास आगबोट आणि रेल्वे मिळून दोन-तीन आठवड्यांवर आला होता आणि साठ वर्षे तो तिथेच अडला होता. विमानाने हे अंतर तोडता येते हे पहिल्या महायुद्धानंतर लगेच सिद्ध झाले. डिसेंबर १९१८मध्ये इंग्लंडहून निघालेले हँडली पेज कंपनीचे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान जानेवारी १९१९मध्ये कराचीला पोहोचले. तरी नियमित प्रवासी सेवा सुरू व्हायला आणखी दहा वर्षे लागली. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीची सेवा सुरू केली. भाडे १३० पौंड, प्रवास सात दिवसांचा आणि अंतर सुमारे ८,००० किलोमीटर. त्या काळातली ही विमाने ताशी दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर वेगाने जात. सगळा प्रवास हवेतून झाला असता तरी उड्डाणाचे तास पन्नासच्या आसपास भरले असते. सात दिवसांचे तास होतात एकशे अडुसष्ट. म्हणजे दोनतृतीयांशांहून अधिक वेळ प्रवासी जमिनीवर होता.

हा वेळ कुठे गेला ते पाहण्यासारखे आहे. क्रॉयडनहून विमान स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जाई. तिथे प्रवासी उतरून रात्रीच्या रेल्वेने आल्प्सखालून इटलीतल्या जेनोआला जात, कारण ब्रिटिश विमानांनी फ्रान्सकडून आपल्या हद्दीत उडत यावे हे इटलीला मान्य नव्हते. जेनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या शॉर्ट कलकत्ता विमानाने भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने अलेक्झांड्रियापर्यंत, आणि पुढे डी हॅविलंड हर्क्युलिसमधून गाझा, रुतबा, बगदाद, बसरा करत इराणच्या आखाती किनाऱ्याने कराचीपर्यंत. रात्री उडायची सोय नव्हती, म्हणून रोज संध्याकाळी मुक्काम पडे. रुतबा ही इराकच्या वाळवंटातली विहिरींची जागा, तिथे प्रवाशांसाठी गढीवजा विश्रांतिगृह होते. कैरो ते बगदाद या पट्ट्यात दिशा चुकू नये म्हणून ब्रिटिश हवाई दलाने १९२१मध्ये वाळवंटातून मोटारींच्या चाकोऱ्या पाडल्या होत्या, काही ठिकाणी नांगराचे तास काढले होते. वैमानिक त्यांवर नजर ठेवून उडत. त्या नांगरलेल्या रेषेचे मला फार अप्रूप वाटते. आकाशातला मार्ग मुळात जमिनीवर आखावा लागला, हे तिच्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. १९२९ सरता सरता इटलीने उत्पन्नात वाटा मागितला, इम्पीरियलने तो नाकारला आणि वाट पुन्हा बदलली : इटली टाळून मध्य युरोपातून, बाल्कनमध्ये रेल्वेची जोड देत ग्रीसकडे. समझोता झाल्यावर प्रवासी पॅरिसहून रेल्वेने इटलीच्या टाचेवरल्या ब्रिंडिसी बंदरापर्यंत जाऊन तिथे विमानात बसू लागले. जगातल्या त्या वेळच्या सर्वांत प्रतिष्ठित हवाई सेवेचा युरोपातला मोठा हिस्सा अशा रीतीने कित्येक वर्षे रुळांवरून पार पडत होता.

इराणची गोष्ट याहून बोलकी आहे. कैरो-बसरा सेवा जानेवारी १९२७मध्येच सुरू झाली होती आणि तीच विमाने पुढे कराचीपर्यंत जायची होती. इराणने परवानगी दिली नाही, म्हणून बसराला दोन वर्षे थांबावे लागले. विमाने होती, वैमानिक होते, पेट्रोलची तजवीज होती. नव्हता फक्त होकार. १९२९मध्ये तो मिळाला, तोही तीन वर्षांपुरता. मुदत संपत आली तेव्हा इराणने किनारा सोडून डोंगराळ अंतर्भागावरून जायला सांगितले. ते धोक्याचे होते, म्हणून ब्रिटिशांनी आखाताच्या पलीकडच्या, अरबस्तानच्या किनाऱ्याकडे मोर्चा वळवला. जुलै १९३२मध्ये शारजाच्या शेखांशी करार झाला, प्रवाशांच्या रात्रीच्या मुक्कामासाठी तिथे किल्लेवजा विश्रामगृह बांधायचे ठरले, आणि ऑक्टोबर १९३२मध्ये हँडली पेज ४२ जातीचे ‘हॅनो’ हे विमान शारजाला उतरले. दुबई-शारजाच्या आजच्या गजबजलेल्या विमानतळांच्या इतिहासाचे पहिले पान इराणच्या नकाराने लिहिले गेले, असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही.

परवानग्यांचा हा काच ब्रिटिश सरकारला पुरता कळत होता. त्यातून सुटण्याचा एक भव्य प्रयत्नही झाला. आर १०१ हे महाकाय वायुयान (एअरशिप) केवळ इजिप्तमधल्या इस्माइलियाला थांबून कराची गाठणार होते. वाटेतले सगळे थांबे, रेल्वे आणि गढ्या त्यामुळे वगळता आल्या असत्या. त्यासाठी कराचीत प्रचंड शेडही उभारली होती. ४ ऑक्टोबर १९३० रोजी संध्याकाळी हे वायुयान इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून निघाले आणि त्याच रात्री फ्रान्समध्ये बोवे गावाजवळ कोसळून जळाले. ५४ जणांपैकी ४८ जण गेले, त्यांत ब्रिटनचे हवाई मंत्री लॉर्ड थॉमसन होते. कराचीची शेड त्या वायुयानाला कधीच मिळाली नाही. ब्रिटनने वायुयानांचा नाद सोडला आणि मार्ग पुन्हा विहिरी, शेख आणि परवानापत्रे यांच्यावर येऊन थांबला.

इथे एक रास्त आक्षेप निघतो. ती विमानेच कच्ची होती. चांगली विमाने आली असती तर वेळ आपोआप घटला असता, मग राजकारणाला एवढे महत्त्व कशाला? याचे उत्तर ऑक्टोबर १९३४च्या इंग्लंड-मेलबर्न शर्यतीत मिळते. मिल्डनहॉलहून मेलबर्नपर्यंतची सुमारे १८,००० किलोमीटरची ही शर्यत डी हॅविलंडच्या खास बनवलेल्या विमानाने सुमारे ७१ तासांत जिंकली. ते शर्यतीचेच यंत्र होते, म्हणून ते बाजूला ठेवू. दुसरा क्रमांक मिळवला तो डच कंपनी केएलएमच्या डीसी-२ या साध्या प्रवासी विमानाने, तीन प्रवासी आणि टपाल घेऊन, सुमारे ९० तासांत. काही महिन्यांनी, एप्रिल १९३५मध्ये लंडन-ब्रिस्बेन प्रवासी सेवा सुरू झाली तेव्हा तिचे वेळापत्रक होते साडेबारा दिवसांचे, म्हणजे ३०० तास. प्रवासी विमानाला चार दिवसांत जमू शकत होते त्याला वेळापत्रक तिप्पट वेळ घेत होते. शर्यतीतले वैमानिक रात्रंदिवस उडले, रोजच्या सेवेला तसे करता येत नाही, असे कोणी म्हणेल; ते खरेच आहे. पण रात्री का उडता येत नव्हते? धावपट्ट्यांवर दिवे नव्हते, वाटेत रेडिओची केंद्रे नव्हती, हवामानाच्या खबरा देणारी माणसे नव्हती. या तिन्ही गोष्टी जमिनीवरच्या आहेत, आणि परक्या मुलखात त्या उभ्या करायच्या तर त्या मुलखाच्या मालकाची संमती लागते.

मुंबईचा या मार्गात प्रवेश झाला तोही आडवाटेने. दोरा कराचीवरून जात असल्याने इम्पीरियलचा मार्ग कराचीहून पुढे जोधपूर, दिल्लीच्या दिशेने वळला आणि मुंबई बाजूला पडली. ही तूट टाटांनी भरून काढली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरले आणि जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. अहमदाबादचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. जुहूचा तळ म्हणजे समुद्राकाठची चिखलवट, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी. म्हणून त्या महिन्यांत कामकाज पुण्याला हलवावे लागे. इथेही विमानाचा वेग ही अडचण नव्हतीच. दोनच वर्षांपूर्वी आगाखान पारितोषिकासाठी भारत आणि इंग्लंड यांच्यामधले अंतर एकट्याने उडून जाण्याची स्पर्धा झाली होती. सतरा वर्षांच्या अस्पी इंजिनिअर यांनी ती जिंकली होती, तीही हलक्या मॉथ विमानात. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीर इथे अस्पी यांच्याकडे सुटे प्लग नव्हते, ते त्यांना प्रतिस्पर्धी जे. आर. डी. यांनीच दिले. पुढे अस्पी भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. तरुणांना छोट्या यंत्रात जे साधत होते, ते रोजच्या सेवेत उतरवायला मात्र तळ, बैलगाडी आणि सरकारी करार लागत होते.

दुसऱ्या महायुद्धाने तर प्रयोगशाळेत मांडावा तसा पुरावा दिला. १९३७च्या सुमारास इम्पीरियलने ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाणारी नवी सागरी विमाने आणली होती आणि प्रवास कितीतरी आटोपशीर झाला होता. जून १९४०मध्ये इटली युद्धात उतरली, फ्रान्स पडला आणि भूमध्य समुद्राचे आकाश मिटले. विमाने तीच, वैमानिक तेच, समुद्रही तोच. मात्र आता भारतातून इंग्लंडला जाणारे पत्र कैरोपर्यंत उडत जाई, तिथून आफ्रिका उभी ओलांडून दरबानला पोहोचे आणि पुढे आगबोटीने केप वळसा घालून आठवडेच्या आठवडे घेई. दरबान, कैरो, कराची, कलकत्ता, सिडनी अशा नालेच्या आकाराच्या मार्गावर ही विमाने फिरत राहिली. काही दिवसांचे अंतर एका घोषणेने महिन्या-दीड महिन्यावर गेले.

‘समुद्र तर कोणाच्या मालकीचा नाही, खुल्या समुद्रावरून गेले तर परवानगी कोणाची लागते?’ हा दुसरा आक्षेप. त्याचीही कसोटी याच युद्धात लागली. सिंगापूर जपानकडे गेल्यावर ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांचा हवाई दुवा तुटला. तेव्हा क्वांटासने जून १९४३पासून पर्थ आणि सिलोनमधल्या कोग्गला सरोवरादरम्यान कॅटलिना विमाने उडवली. मधल्या हिंदी महासागरात कुठेही थांबा नव्हता. साडेपाच हजारांहून अधिक किलोमीटरला २७ ते ३२ तास लागत, प्रवाशांना एकाच उड्डाणात दोनदा सूर्योदय दिसे. शत्रूला कळू नये म्हणून रेडिओ बंद ठेवून, ताऱ्यांवरून वाट काढत जुलै १९४५पर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या. धैर्याचा हा मोठा नमुना आहे. पण इंधन इतके लागे की प्रवासी फक्त तीन बसत. परवानगीशिवाय जाता येते. त्याची किंमत वेळेत, वजनात आणि जोखमीत मोजावी लागते.

फाळणीनंतर कराची परदेशात गेली आणि दोन दशके बाजूला राहिलेली मुंबई भारताचे पश्चिमेकडचे दार झाली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. प्रवासी ३५, भाडे १,७२० रुपये, सेवा आठवड्यातून एकदा. आता वाटेत दोनच थांबे राहिले होते. १९२९च्या मार्गावरच्या डझनभर थांब्यांच्या तुलनेत खरी बचत इथे आहे. कॉन्स्टेलेशनचा वेग हर्क्युलिसच्या तिप्पट असेल, परंतु एकूण प्रवास सात दिवसांवरून एका दिवसाच्या आसपास आला, म्हणजे सातपट घटला. या फरकाचे श्रेय रात्री उडता येण्याला आणि थांबे गळण्याला द्यायला हवे. याच मार्गाने दोन मोठे घावही घातले. ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाकडे उतरताना माँ ब्लाँ शिखरावर आदळले, ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ कोसळले आणि ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. दोन्ही विमाने जिनिव्हाच्या थांब्यासाठी खाली येत होती. जो थांबा पुढे अनावश्यक ठरला त्याने आपल्याकडून काय घेतले, हे आठवल्यावाचून या मार्गाचा इतिहास लिहिता येत नाही.

एप्रिल १९६०मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने लंडन मार्गावर आली आणि जून १९६२मध्ये सर्व विमाने जेट असलेली ती जगातली पहिली कंपनी ठरली. इथे वेगाची कथा जवळपास संपते. ७०७ ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडत असे, आजचे बोइंग ७८७ही तेवढ्याच वेगाने उडते. साठ वर्षांत विमाने कमी इंधन खाणारी, शांत, सुरक्षित आणि लांब पल्ल्याची झाली, वेगवान झाली नाहीत. वेग वाढवून पाहिला गेला तो काँकॉर्डने, आणि त्याचे काय झाले ते भारताला चांगले ठाऊक असायला हवे. ताशी २,१०० किलोमीटरहून अधिक वेगाचे हे विमान ब्रिटिश एअरवेज आणि सिंगापूर एअरलाइन्स यांनी डिसेंबर १९७७मध्ये लंडनहून बहारीनमार्गे सिंगापूरला नेले. मलाक्काच्या सामुद्रधुनीवर होणाऱ्या आवाजाच्या धडाक्याला मलेशियाने हरकत घेतली आणि तीन फेऱ्यांनंतर सेवा थांबली. १९७९मध्ये ती पुन्हा सुरू झाली. भारताने आपल्या भूमीवरून ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जायला परवानगी दिली नाही, आणि नोव्हेंबर १९८०मध्ये ती कायमची बंद पडली. भारताचा आणि मलेशियाचा नकार मला योग्य वाटतो; काही श्रीमंत प्रवाशांचे तीन तास वाचावेत म्हणून खालच्या लाखो लोकांनी तो धडाका का सोसायचा? पण नकार योग्य असो वा अयोग्य, वेगवान यंत्राला त्याने हरवले, हा मुद्दा उरतोच.

भूगोलाचा वाटा मी नाकारत नाही. मुंबईहून लंडनला जाताना येतानापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि त्यांच्यावर कोणाची हुकमत चालत नाही. परंतु वाऱ्याने पडणारा फरक सहसा तासाभराच्या आत-बाहेर असतो. परवानगीने पडणारा फरक पाहायचा तर हेलसिंकी आणि टोकियो ही जोडी घ्यावी. सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर, जवळजवळ सगळे रशियावरून. सोव्हिएत आकाश बंद होते त्या काळात फिनएअरने एप्रिल १९८३मध्ये उत्तर ध्रुवावरून वळसा घेत थेट सेवा सुरू केली. त्याला सुमारे १३ तास लागत. याच वर्षी १ सप्टेंबरला वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे मेली. मिटलेल्या आकाशाचा अर्थ तेव्हा जगाला कळला. पुढे सायबेरियावरून जाण्याची मुभा मिळाली आणि हा प्रवास साडेनऊ तासांच्या घरात आला. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युरोपीय कंपन्यांना आकाश बंद केले. ९ मार्च २०२२ रोजी फिनएअरचे विमान पुन्हा ध्रुवावरून टोकियोला निघाले आणि पुन्हा सुमारे १३ तास लागले. मधल्या ३९ वर्षांत डीसी-१० जाऊन ए-३५० आले, संगणक आले, उपग्रह आले. वेळ जिथल्या तिथे. वेग आणि अंतर यांचा भागाकार मानणाऱ्यांनी या दोन आकड्यांचा अर्थ लावून दाखवावा.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. राष्ट्राला स्वतःच्या आकाशावर हक्क आहे. शत्रुत्व असताना ते बंद ठेवणे हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, प्रवाशांच्या तासांचा नाही. हक्काबद्दल वाद नाही. १९१९च्या पॅरिस करारात आणि १९४४च्या शिकागो करारात प्रत्येक राष्ट्राचे आपल्या आकाशावरचे संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व पहिल्याच कलमात मान्य केले आहे. धोक्याच्या वेळी आकाश मिटले नाही तर काय होते हेही जगाने पाहिले : १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियाचे प्रवासी विमान पाडले गेले, २९८ जण गेले, आणि त्या उंचीवरचे आकाश तेव्हा खुले होते. युद्धभूमीवरचे आकाश बंदच हवे. पण शिकागो कराराचे नववे कलम आणीबाणीतल्या बंदीला एक अट घालते : ती इतर सर्व राष्ट्रांच्या विमानांना सारखीच लागू असावी. भारत आणि पाकिस्तान एकमेकांवर घालत आलेली बंदी या अटीत बसत नाही. एप्रिल २०२५नंतर युरोपीय कंपनीचे दिल्लीहून निघालेले विमान पाकिस्तानवरून जाऊ शकत होते आणि त्याच धावपट्टीवरून उडालेल्या एअर इंडियाच्या विमानाला वळसा होता. आकाश धोकादायक असते तर ते दोघांनाही असते. ही सुरक्षिततेची नव्हे, शिक्षेची बंदी आहे, आणि ३० एप्रिलला भारताने घातलेली बंदीही त्याच जातीची आहे.

अशा शिक्षेचा भार कोण उचलतो? जानेवारी १९७१मध्ये ‘गंगा’ या भारतीय विमानाचे अपहरण करून ते लाहोरला नेऊन जाळले गेले, तेव्हा भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून जाणे बंद केले. कराची आणि ढाका ही त्या वेळी एकाच देशातली शहरे. अंतर सुमारे २,४०० किलोमीटर. आता विमाने सिलोनला वळसा घालू लागली आणि ते दुपटीच्या जवळ गेले. त्या देशाच्या दोन भागांमधले राजकीय अंतर त्याच महिन्यांत किती वाढत होते हे इतिहासाला ठाऊक आहे. २०१९मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने जवळपास पाच महिने आकाश बंद ठेवले, तेव्हा एअर इंडियाचा तोटा २ जुलैपर्यंत ४९१ कोटींवर गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले. २०२५च्या बंदीनंतर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी विमाने व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरू लागली आणि १ सप्टेंबरपासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली. नूतनीकरणासाठी काढलेल्या विमानांची टंचाई आणि लांबलेला मार्ग अशी दोन्ही कारणे कंपनीने दिली. मुंबईला ही झळ कमी बसते, कारण तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे आणि ओमानकडून जाता येते. दिल्ली, अमृतसर, श्रीनगरला तशी पळवाट नाही. जिनिव्हा, कैरो, बैरूतचे थांबे गाळायला एका पिढीचे कष्ट लागले होते. व्हिएन्नाचा थांबा एका हुकमाने परत आला.

हे अटळ आहे असे मला वाटत नाही, कारण याच दोन देशांनी ते सोडवूनही दाखवले आहे. १९५२मध्ये पाकिस्तानने आपल्या पश्चिम सीमेवरचा पट्टा निषिद्ध ठरवला होता आणि दिल्लीहून काबूलला जाणाऱ्या भारतीय विमानांना इराणमधल्या झाहेदानपर्यंत जाऊन उलटे फिरावे लागे. भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे तक्रार नेली. तिच्या परिषदेपुढे आलेला या प्रकारचा तो पहिलाच वाद होता. १९७१च्या वादात बाजू उलटल्या होत्या. तक्रारदार पाकिस्तान होता आणि परिषदेला अधिकारच नाही असे भारत म्हणत होता. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि १८ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायालयाने परिषदेला अधिकार असल्याचा निकाल दिला. प्रत्यक्ष आकाश उघडले ते १९७६मध्ये, दोन्ही सरकारांच्या बोलण्यांतून. १९५२च्या तक्रारीला मात्र निकालाची गरजच पडली नाही. दोन्ही देशांचे अधिकारी बसले, नकाशा पसरला, आणि १९५३च्या आरंभी पाकिस्तानने सीमेवरच्या निषिद्ध पट्ट्यातून काबूलकडे जाण्यासाठी दोन हवाई वाटा मोकळ्या केल्या. काश्मीरचा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता.